फ्रेंच ऑर्मोलू घड्याळ आणि जोडीची शमादाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसमध्ये घडलेले सोनेरी मुलाम्याचे घड्याळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडायची शमादाने, असा तीन नगांचा संच कोणाकडे वारशाने येतो, कोणाला लिलावात दिसतो, तर कोणी तो परदेशातल्या संग्रहालयात पाहिलेला असतो. त्यानंतर मनात येणारे प्रश्न मात्र बहुतेकांचे सारखेच असतात. त्यांची उत्तरे देताना मी एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवली आहे. या वस्तूचे बरेचसे मोल तिच्या सर्वांत वरच्या, केसाहून कितीतरी पातळ अशा थरात असते, आणि तो थर बहुतेक वेळा चोरीने किंवा अपघाताने नव्हे, तर चांगल्या हेतूने घासल्यामुळे नष्ट होतो.

अशा तीन नगांच्या संचाला काय म्हणतात आणि तो कशासाठी असे?

फ्रेंच भाषेत त्याला ‘गार्नितूर द शमिने’ म्हणतात, म्हणजे शेकोटीवरची सजावट. फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी असे, तिच्यावर संगमरवरी फळी असे आणि फळीच्या वर भिंतीला मोठा आरसा जडवलेला असे. घड्याळ मधोमध ठेवून दोन्ही अंगांना अनेक शाखांची शमादाने मांडली, की मेणबत्त्यांचा उजेड आरशात पडून दुप्पट होई. म्हणजे ही मांडणी केवळ शोभेची नव्हती, तिच्यामागे उजेडाचा हिशेब होता. उत्तम प्रतीच्या नगांची मागची बाजूही नीट घडवलेली आढळते, कारण तीही आरशात दिसे. घड्याळ आणि शमादाने एकाच घडणीची, एकाच वेळी करून घेण्याची पद्धत सर्वांत जास्त फोफावली ती तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, म्हणजे 1852 ते 1870 या वर्षांत आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत. आज बाजारात दिसणारे बहुसंख्य संच याच काळातले असतात.

ऑर्मोलू म्हणजे काय? त्यात खरे सोने असते का?

असते. या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ ‘दळलेले सोने’ असा आहे, मात्र फ्रेंच लोक स्वतः या वस्तूला ‘ब्राँझ दोरे’, म्हणजे सोनेरी ब्राँझ असेच म्हणतात. त्यातले ब्राँझही आपल्याकडच्या काशासारखे केवळ तांबे आणि कथिल यांचे नसते. मुलामा नीट बसावा म्हणून त्यात जस्ताचे प्रमाण चांगलेच ठेवत, त्यामुळे धातूचा मूळ रंग पितळेकडे झुकलेला दिसतो.

आधी मेणाचा किंवा लाकडाचा नमुना करून त्यावरून वाळूच्या साच्यात ओतकाम केले जाई. साच्यातून निघालेला भाग खडबडीत असे, आणि खरे काम तिथून पुढे सुरू होई. कोरणीचा कारागीर छिन्नी, कानस आणि बारीक ठशांनी पानाची प्रत्येक शीर, पंखाचे प्रत्येक पीस, वस्त्राची प्रत्येक चुणी नव्याने उठवत असे. एखाद्या चांगल्या घड्याळाचे लॉरेलचे पान भिंगाखाली धरून पाहावे. पानाचा मधला भाग हजारो सूक्ष्म टिंबांनी भरलेला दिसतो, त्यामुळे तो मखमलीसारखा मऊ भासतो, आणि फक्त कडेची नस आरशासारखी लखलखते. हा फरक मुलाम्याच्या आधीच्या ठोकणीतून आणि मुलाम्यानंतरच्या ओपणीतून येतो.

मुलाम्यासाठी शुद्ध सोने गरम पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा तयार करत. ब्राँझ तेजाबाने स्वच्छ करून, त्यावर पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण फिरवून, हा गोळा तारेच्या कुंचल्याने सर्वत्र सारखा पसरत आणि वस्तू निखाऱ्यांवर धरत. पारा सुमारे 357 अंश सेल्सिअसला उकळतो. तो वाफ होऊन निघून गेला की सोने धातूला घट्ट चिकटून मागे राहते. हवी तितकी जाडी येईपर्यंत हे पुन्हापुन्हा केले जाई. शेवटी चमकवायचे भाग अकीकाच्या दगडाने घोटून त्यांना ओप देत आणि उरलेले मंदच ठेवत. हा मंद, दवासारखा मुलामा ज्याच्या हातून पूर्णत्वाला गेला, तो पिएर गूतिएर (1732-1813) सोळाव्या लुईच्या दरबारचा कारागीर होता. उतारवयात त्याचे दिवाळे निघाले आणि तो विपन्नावस्थेत वारला, ही गोष्ट त्याचे काम पाहताना माझ्या मनातून जात नाही.

पाऱ्याच्या वाफेचा कारागिरांना त्रास होत नसे का?

होत असे, आणि तो भयंकर होता. हात थरथरणे, दात पडणे, भ्रमिष्टपणा ही मुलामा देणाऱ्यांची ठरलेली दुखणी होती आणि त्यांतले अनेकजण अकाली जात. आंत्वान-आंद्रे राव्रियो हा स्वतः या धंद्यातला नामांकित कारखानदार होता. 1814 मध्ये तो वारला, तेव्हा कारागिरांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात 3000 फ्रँक ठेवले होते. ते पारितोषिक रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना 1818 मध्ये मिळाले. त्यांनी भट्टीवर असे धुराडे योजले, की शेजारच्या छोट्या शेगडीच्या उष्णतेने हवेची ओढ निर्माण होऊन पाऱ्याची वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता थेट वर जाई. अशा घड्याळाचे कौतुक करताना हा इतिहास सांगितलाच पाहिजे, असे मला वाटते. ही पद्धत जगातून पूर्णपणे गेलेली नाही. नेपाळमधल्या पाटण शहरात देवमूर्तींना आजही पाऱ्याने मुलामा दिला जातो.

मग असे घड्याळ घरात ठेवणे धोक्याचे आहे का?

पूर्ण झालेल्या वस्तूच्या थरात पाऱ्याचा अंश उरलेला असतो, पण तो सोन्यात बांधलेला असतो आणि वस्तू नुसती ठेवल्याने किंवा हाताळल्याने चिंतेचे कारण नसते. धोका तापवण्यात आणि घासून भुकटी काढण्यात आहे. त्यामुळे मुलाम्याच्या भागावर डाग देण्यासाठी, म्हणजे धातू वितळवून जोड सांधण्यासाठी, ज्योत धरू देऊ नये.

मुलामा पाऱ्याचा आहे की विजेचा, हे कसे ओळखावे?

विजेच्या मुलाम्याचे, म्हणजे द्रावणातून विजेच्या प्रवाहाने सोने चढवण्याचे, पेटंट इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये घेतले आणि 1842 मध्ये क्रिस्तोफ्ल यांनी त्याचे फ्रान्समधले हक्क मिळवले. त्यानंतर दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी शेजारी चालल्या, म्हणून केवळ सालावरून निर्णय करता येत नाही. पाऱ्याचा मुलामा जाड, उबदार रंगाचा आणि खोलगट जागी किंचित असमान असतो. नगाच्या आतल्या बाजूला कुंचल्याचे ओघळ आणि शिंतोडे दिसतात, कारण कारागीर समोरच्या बाजूकडे जास्त लक्ष देई. विजेचा मुलामा सर्वत्र एकसारखा, पातळ आणि बहुधा थोडा थंड पिवळा दिसतो. तिसरा एक प्रकार म्हणजे नुसते सोनेरी रोगण. ते कालांतराने तपकिरी पडते आणि त्याचे पापुद्रे निघतात.

माझे घड्याळ ब्राँझचे आहे की जस्ताचे?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय गिऱ्हाइकांसाठी जस्ताच्या ओतकामावर सोनेरी रंग चढवलेले संच मोठ्या संख्येने तयार झाले. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण तो दोन्हींना चिकटत नाही. सुटी होणारी मूर्ती किंवा शाखा बोटाने हलकेच वाजवावी. ब्राँझ घणघणते, तर जस्ताचा आवाज बद्द येतो. मूर्तीच्या पोटातल्या एखाद्या झाकल्या ओरखड्यात पिवळा धातू दिसला तर ब्राँझ, करडा दिसला तर जस्त. जस्त ठिसूळ असल्याने बोटे, बाणांची टोके, पंखांच्या कडा अशा ठिकाणी जुनी मोडतोड आणि डाग दिलेले जोड आढळतात. जस्ताचा संच टाकाऊ समजू नये, पण ब्राँझच्या भावात तो घेऊ नये.

घड्याळ किती जुने आहे, हे कशावरून ठरवावे?

शैलीवरून एकदम निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पंधराव्या लुईच्या काळातली वळणदार, दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या न ठेवणारी शैली काय किंवा सोळाव्या लुईच्या काळातले कलश, वीणा आणि लॉरेलच्या माळा काय, या दोन्हींच्या नकला एकोणिसाव्या शतकात अतिशय उत्तम झाल्या. तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिला सोळाव्या लुईच्या शैलीचे वेड होते आणि तिच्यामुळे त्या फॅशनला जोर आला. म्हणून आधी मागचे दार उघडून यंत्र पाहावे.

लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असेल, तर यंत्र साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचे असण्याची शक्यता जास्त. पोलादी पातळ पट्टीवर टांगलेला असून बाराच्या आकड्यावर वेळ जुळवण्याचे छोटे भोक असेल, तर ती ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजींच्या पद्धतीची योजना आहे आणि यंत्र त्या नंतरचे आहे, किंवा जुन्या यंत्रात नंतर बदल झालेला आहे. मागच्या पितळी पट्टीवर गोल शिक्का असतो. जापी, मार्ती, व्हँसांती, पाँस ही त्यांत नेहमी दिसणारी नावे. प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे सालही शिक्क्यात असू शकते, आणि यंत्र त्या सालानंतरचेच असते. घड्याळजीने स्प्रिंगचा डबा उघडला, तर स्प्रिंगवर ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली आहे का, ते पाहायला सांगावे. स्प्रिंग बदललेली असू शकते, तरीही तो फार मोलाचा पुरावा आहे.

शिक्क्यांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. मुकुटाखाली ‘सी’ अक्षर असा बारीक ठसा 1745 ते 1749 या काळात फ्रान्समध्ये तांबेमिश्रित धातूंवरच्या कराची खूण म्हणून मारत. तो खरा असेल, तर वस्तू त्या चार वर्षांत बाजारात होती एवढे नक्की.

तबकडीवरचे नाव घड्याळ घडवणाऱ्याचे असते का?

बहुधा नाही. तबकडीवर पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असे. कच्चे यंत्र पूर्व फ्रान्समधल्या बोकूरला किंवा दिएपजवळच्या सँ-निकोला-दालियेरमाँला होई, ते पॅरिसमध्ये पुरे केले जाई. मूर्ती घडवणारा शिल्पकार वेगळा, ओतणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा आणि चिनी मातीच्या चकत्या रंगवणारा आणखी वेगळा. अठराव्या शतकात तर ओतकाम करणाऱ्यांच्या आणि मुलामा देणाऱ्यांच्या श्रेणींचे, म्हणजे कारागिरांच्या व्यवसाय-संघांचे, नियम स्वतंत्र होते. फ्रेंच राज्यक्रांतीत, 1791 मध्ये, श्रेणीपद्धती रद्द झाल्यावरच ब्राँझकार तोमीर (1751-1843) यांच्यासारख्यांना ही सगळी कामे एका छपराखाली आणून शेकडो कारागिरांचा कारखाना चालवता आला. पुढच्या पिढीत फेर्दिनां बार्बेदिएन यांनी 1838 पासून आशिल कोलास यांच्या यंत्राच्या मदतीने नामांकित शिल्पांच्या लहान प्रतिकृती काढल्या. ब्राँझवर कोरलेले असे नाव असेल, तर ते तबकडीवरच्या नावापेक्षा महत्त्वाचे.

शमादाने घड्याळाबरोबरचीच आहेत, की नंतर जुळवलेली?

हा प्रश्न खरेदीपूर्वी अवश्य विचारावा, कारण जुळवलेले संच फार आहेत. शमादानांवर मूर्ती असतील, तर त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असाव्यात. एकीने डावा हात उचलला असेल, तर दुसरीने उजवा. दोन्ही मूर्ती एकाच दिशेला पाहत असतील, तर त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या असू शकतात. मग तिन्ही नगांच्या बैठका शेजारी ठेवून कडेची नक्षी, पायांचा आकार आणि संगमरवराच्या शिरा ताडून पाहाव्यात. यानंतर नग उलटे करावेत. जुन्या कारखान्यात प्रत्येक मळसूत्र हाताने पाडलेले असे आणि कोणता नट कोणत्या आट्यावर बसतो, हे कळावे म्हणून कानशीने एक, दोन, तीन अशा खाचा घालत. त्या खाचा जुळल्या, तर नग उघडून पुन्हा जोडताना कोणी अदलाबदल केलेली नाही, असे समजावे. मुलाम्याचा रंग सर्वांत शेवटी पाहावा, कारण एकच नग जास्त घासला गेला असेल तर मूळ संचातही रंग वेगळे दिसतात.

चावी कधी आणि कशी द्यावी?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. बहुतेक यंत्रे दोन आठवडे चालतात, पण स्प्रिंगचा जोर पहिल्या आठवड्यात जास्त सारखा असतो. तबकडीवरच्या दोन भोकांपैकी सामान्यतः उजवे वेळेचे आणि डावे ठोक्यांचे असते. चावी ज्या दिशेने सहज फिरेल त्याच दिशेने, अडेपर्यंत, सावकाश फिरवावी. घड्याळ सुरू होऊन काही मिनिटांत थांबत असेल, तर यंत्र बिघडले असे लगेच मानू नये. कान देऊन ऐकावे. ‘टिक’ आणि ‘टक’ यांमधले अंतर लंगडत असेल, तर बैठक समपातळीत नाही. लंबकही मूळचा असला पाहिजे. यंत्राच्या मागच्या पितळी पट्टीवरचा अनुक्रमांक लंबकाच्या गोळ्यावरही असतो. शेजारी दोन छोटे आकडे असतील, तर ते लंबकाची लांबी जुन्या फ्रेंच इंचांत आणि त्यांच्या बाराव्या भागांत सांगतात. तो इंच सुमारे 27 मिलिमीटरचा होता.

काटा तीनवर आणि ठोके पाच, असे का होते?

जुन्या यंत्रांत ठोक्यांचा हिशेब एका खाचा पाडलेल्या चक्रावर असतो आणि त्या चक्राला काट्यांची जागा ठाऊक नसते. बारा तासांत तासांचे 78 आणि अर्ध्या तासांचे 12, असे 90 ठोके ते क्रमाने देत राहते. ठोके पुरे न होऊ देता काटा पुढे ढकलला, की क्रम तुटतो. यासाठी यंत्र उघडायची गरज नसते. तासकाटा केवळ घट्ट बसवलेला असतो. तो मध्याजवळ धरून, जेवढे ठोके पडले त्या आकड्यावर हलक्या हाताने आणावा आणि मग मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला ठोके पुरे होऊ देत, खऱ्या वेळेपर्यंत यावे. काटे उलटे फिरवू नयेत. साडेबारा, एक आणि दीड या तिन्ही वेळी एकच ठोका पडतो, तो दोष नव्हे.

काळवंडलेला मुलामा कशाने स्वच्छ करावा?

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितळेची भांडी घासायची पूड किंवा पॉलिश यांतले काहीही वापरू नये. आपल्या घरांत समई आणि तांब्या लख्ख घासणे ही निगा मानली जाते आणि ते योग्यच आहे, कारण तिथे वरचा आणि आतला धातू एकच असतो. इथे तसे नाही. एका जुन्या वाड्यातले असे घड्याळ मी जवळून पाहिले आहे. मूर्तीचा चेहरा, गुडघे आणि छाती, म्हणजे घासणाऱ्याचा हात जिथे सहज पोचतो तेवढे भाग, पितळेसारखे उघडे पडले होते आणि केसांच्या बटांमागे मूळचे मंद सोने जसेच्या तसे होते. दर सणाला कोणीतरी मनापासून सेवा केली होती.

मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, एवढेच घरी करावे. हातमोजे घालावेत, कारण घामातले क्षार बोटांचे ठसे कायमचे उमटवतात. सोने स्वतः काळे पडत नाही. काळेपणा वरच्या मळाचा, जुन्या मेणाचा किंवा सूक्ष्म छिद्रांतून वर आलेल्या तांब्याच्या गंजाचा असतो आणि त्यांपैकी कोणता, हे धातुसंवर्धन शिकलेल्या माणसानेच ठरवावे. तबकडीच्या मिन्याला केसासारख्या भेगा असतील, तर तिथे ओले फडके लावू नये, कारण मळ भेगेत शिरतो.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काय काळजी घ्यावी?

काचेचा घुमट किंवा काचेची पेटी असेल, तर ती वापरावी आणि पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. समुद्राकडची खिडकी टाळावी. पोलादी खिळे आणि पट्ट्या आधी गंजतात. रेशमी दोऱ्याचे घड्याळ पावसाळ्यात वेळ बदलते. हिवाळ्यापर्यंत ते दुरुस्त करत बसू नये.

शमादानांत मेणबत्त्या लावाव्यात का? विजेचे दिवे बसवावेत का?

मेणबत्त्या पेटवू नयेत. मेण नक्षीत उतरते आणि ते खरवडताना मुलामा जातो. विजेसाठी भोके पाडणे त्याहून वाईट, कारण ते पुन्हा बुजवता येत नाही. आधीच भोके पाडलेली असतील, तर तारा काढून ठेवाव्यात, पण जुने भाग फेकू नयेत.

पुन्हा मुलामा देऊन नवे करून घ्यावे का?

नाही. नव्या मुलाम्याआधी धातू तेजाबात बुडवून घोटावा लागतो. त्यात कोरणीची बारीक टिंबे पुसली जातात आणि संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची किंमत वाढण्याऐवजी घटते.

भारतातून असे घड्याळ परदेशी नेता येते का?

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींविषयीचा केंद्रीय कायदा लागू होऊ शकतो आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. म्हणून ‘वस्तू मूळची फ्रेंच आहे’ एवढ्या भरवशावर ती सामानात घालू नये. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. प्रवास कोणताही असो, लंबक काढून वेगळा बांधावा आणि घड्याळ बैठकीला धरून उचलावे, मूर्तीला धरून कधीही नाही.

उत्तम नमुने कुठे पाहता येतील?

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये, जिथे प्रवेश विनामूल्य आहे, गूतिएरने घडवलेले 1771 चे आव्हिन्याँ घड्याळ आहे. त्याचा नमुना शिल्पकार ब्वाझो यांचा. त्याच्यासमोर उभे राहून मंद आणि लखलखीत सोन्याचा खेळ एकदा पाहिला, की वर सांगितलेले सगळे पटते. पॅरिसमध्ये लूव्र आणि निसिम द कामोंदो ही दोन संग्रहालये पाहावीत. कामोंदो घर तर राहत्या घरासारखेच मांडलेले आहे, त्यामुळे शेकोटी, आरसा आणि घड्याळ यांचे नाते तिथे एका नजरेत कळते.

एक शमादान हरवले आहे. दुसरे करून घ्यावे का?

उरलेल्या शमादानावरून साचा काढून नवे ओतले, तर धातू आटल्यामुळे ते मूळच्यापेक्षा किंचित लहान निघते आणि शेजारी ठेवल्यावर ते नजरेला खटकते. तरीही करायचेच असेल, तर बैठकीच्या आतल्या बाजूला केल्याचे साल ठळक कोरून घ्यावे, म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होणार नाही. माझा सल्ला मात्र घड्याळ आणि उरलेले शमादान एकत्रच ठेवावे, असा आहे. घर मोडताना किंवा वाटण्या होताना असे नग वेगळ्या नातेवाइकांकडे जातात. त्यामुळे आधी भावंडांकडे, चुलत्यांकडे आणि माळ्यावरच्या पेट्यांत चौकशी करावी, आणि बैठकीखालच्या कानशीच्या खाचांचा फोटो सोबत ठेवावा.